गुरुवारची गाठ

नसरीन मॅडमना वीस-वीस वर्षं ओळखणारी माणसं या शहरात आहेत. लिहायचं तर त्यांनी. माझी ओळख चौदा महिन्यांची, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे असं काही कसं लिहितात हेही मला नीटसं माहीत नाही. चुकलं तर वाचकांनी माफ करावं. पण मॅडमना जाऊन पाच आठवडे झाले, आणि एक गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही...

लोणी काळभोरहून मी कोथरूडला खोली घेऊन राहायला आलो, ते इंटर्नशिप करायला. कंपनी आठ माणसांची, हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करणारी. मॅडम तिथल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रामर. त्यांच्या टेबलावर पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ असायचं, भावाच्या टेलरिंगच्या दुकानातलं. कोड वाचताना 'जर असं असेल तर' अशी अट आली, की त्या दोऱ्याला एक गाठ मारायच्या. एका फंक्शनला, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याला, एक दोरा. गाठी दहाच्या फार पुढे गेल्या की तो तुकडा माणसाच्या डोक्यात मावत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"मॅडम, कॉम्प्युटर हा आकडा लगेच देतो की," मी पहिल्याच आठवड्यात म्हणालो.

"हो का? मग तुम्हाला कशाला ठेवलंय आम्ही?" त्या मान वर न करता म्हणाल्या. जरा वेळानं आवाज मऊ झाला. "आकडा तोच देतो रे. पण गाठ मारताना थांबावं लागतं. ही अट इथे का आहे, हे स्वतःला विचारावं लागतं."

सगळ्यात लांब दोरा एका हॉस्पिटलच्या डायलिसिसच्या वेळापत्रकाचा होता. कोणत्या पेशंटला कोणत्या दिवशी कोणतं मशीन, हे ठरवणारं एकच फंक्शन, एक्केचाळीस गाठी. त्याला हात लावायची सगळ्यांना धास्ती. मला मात्र ते रिफॅक्टर करायचं होतं : बाहेरून काम तेच, आतली मांडणी सुटसुटीत. मी मागे लागलो की मॅडम विचारायच्या, यात लवकर काही बदलायचंय का? बिघडलं तर पकडणाऱ्या चाचण्या आहेत का? आणि प्रत्येक गाठ का आहे, सांगता येतं का? "तिन्हीला हो म्हणता येत नाही ना, मग हात खिशात."

मग त्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या. त्याच सुमारास हॉस्पिटलनं दोन नवी मशीन घेतली; बदल करावाच लागणार होता. चाचण्या मी लिहिल्या. दोन प्रश्नांना हो होतं. तिसऱ्याला... जवळजवळ हो. एकच अट कळली नव्हती : गुरुवार असेल तर निम्म्याच पेशंटना वेळ द्यायची. शेजारी कसलीही टीप नाही. कुणाची तरी जुनी सुट्टी असेल, असं मीच ठरवलं आणि ती काढून टाकली. सोमवारी नवा कोड चालू झाला. मुख्य फंक्शनला फक्त अकरा गाठी! आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "कमी केलं त्याचं कौतुक हाय व्हय तुमच्यात?"

बुधवारी दुपारी खोलीवर गेलो, तर घरमालकीणबाईंनी जिन्यातच अडवलं. "उद्या गुरुवार, पाणी बंद. बादल्या भरताय, की निमंत्रणपत्रिका छापू?"

मी जिन्यातच उभा राहिलो. चौदा महिने मी बुधवारी बादल्या भरत आलो होतो. खोलीतला गुरुवार आणि कोडमधला गुरुवार एकच, हे डोक्यात आलंच नव्हतं. डायलिसिसला केवढं पाणी लागतं! गुरुवारी हॉस्पिटललाही नळ बंद, टाकीत मोजकं, आणि मी सगळ्या मशीनवर पेशंट लावून ठेवले होते. उद्याची यादी पाचला निघणार होती. पळत ऑफिस गाठलं. घाईत पासवर्ड दोनदा चुकला. साडेचारला अट परत घातली, तिच्यावर टीप लिहिली. यादी बरोबर निघाली. कुणाला काही झालं नाही. कुणाला कळलंही नाही.

रविवारी मॅडमना भेटायला गेलो. उशीला टेकून बसल्या होत्या. "नवी मांडणी वाचली मी. चांगली आहे. आता ते फंक्शन तू सांभाळायचं." मग थोडं थांबून, "आणखी काही सांगायचंय?"

"नाही मॅडम. सगळं ठीक आहे."

शुक्रवारी त्या गेल्या.

तेव्हापासून एकच टोचत होतं. चूक माहीत नसताना त्यांनी ते काम माझ्या हाती दिलं, म्हणजे मी ते फसवूनच घेतलं. तो कोड उघडायचंच मी टाळायला लागलो. आता खरं सांगायचं तरी कुणाला?

परवा त्यांचे भाऊ सादिकभाई मॅडमचं सामान न्यायला ऑफिसात आले. खिशातून एक दोरा काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मी गाठी मोजल्या. बारा.

"किरण तूच ना? आपा तुझं सगळं लॅपटॉपवर बघत होती. त्या बुधवारी सकाळीच तिनं डायलिसिसवाल्यांना फोन केला, की यादी निघाली तरी मला विचारल्याशिवाय कुणाला कळवू नका. मग दिवसभर हा दोरा हातात. मी म्हटलं, अगं, पोराला फोन कर की. तर म्हणे, पाचपर्यंत थांबते. साडेचारनंतर ही शेवटची गाठ मारली आणि मग कुठे चहा मागितला."

मी विचारलं, रविवारी मी येऊन गेल्यावर काही म्हणाल्या का?

सादिकभाई रीळ पिशवीत टाकत होते, ते थांबले.

"म्हणाली, आज नाही जमलं त्याला. पुढच्या रविवारी सांगेल."