‘व्हय’ म्हणजे कबुली नव्हे

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्यातला, हे मलाच धड सांगता येत नाही. एक केबलचोरी मात्र तपशिलासकट लक्षात राहिली आहे आणि कोणी विचारलं नाही तरी मी ती सांगत असतो. घरचे ऐकून कंटाळले, म्हणून आता लिहायला घेतली.

तेव्हा मी तासगावच्या बाजूला, द्राक्षपट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. छाटणीचे दिवस होते. बागांना पाणी वेळेवर लागतं आणि नेमक्या त्याच दिवसांत विहिरींवरच्या मोटारींच्या केबली कापून न्यायचा सपाटा कोणीतरी लावला होता. केबल जाळायची, आतलं तांबं काढायचं आणि भंगारात विकायचं, असा तो धंदा. सकाळची हजेरी उरकेपर्यंत बाकावर कोणी ना कोणी बागायतदार तक्रार घेऊन बसलेला असायचाच. चहा घ्यायचे, पण आमच्याकडे बघायचे नाहीत.

मग खबर आली. देणारा होता गावातला मोटार दुरुस्तीवाला मिस्त्री. माणूस ओळखीचा, ठाण्यातली पाण्याची मोटारही तोच बघायचा.

“सायेब, पारधी वस्तीवरची एक पोरगी रोज पहाटं पाठीवर पोतं टाकून बांधानं पळती,” तो म्हणाला. “पोत्यात जड काय तरी असतंय. आता तुमीच काय ते समजून घ्या.”

‘पारधी’ हा शब्द कानावर पडला की पुष्कळांचा तपास तिथंच संपतो, हे मी नोकरीभर पाहिलं. इंग्रजांनी त्या अख्ख्या समाजावर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा केव्हाच गेला, पण माणसांच्या डोक्यातून तो शिक्का जाता जात नाही. माझा नवा उपनिरीक्षक ठाणे शहरात वाढलेला, हुशार आणि जरा घाईचा. मी बैठकीसाठी सांगलीला गेलो होतो, तेवढ्यात त्यानं महिला अंमलदाराला पाठवून मुलीला चौकशीला आणलं. मी परतलो तर स्वारी दारातच उभी.

“सर, गुन्हा उघड झाला. मुलीनं कबूल केलं. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा हो म्हणाली. अटक दाखवू का?”

“आधी मला बघू दे,” मी म्हणालो आणि आत गेलो.

मुलगी विशीच्या आतबाहेरची. अंगात ट्रॅकसूट, पायांत कोणाचे तरी जुने बूट. शेजारी महिला अंमलदार बसलेली. टेबलावर जप्त केलेलं पोतं होतं आणि पोत्यात लोखंडाचा एक गोळा.

“हा कसला ऐवज?” मी विचारलं.

“भंगार असावं, सर.”

मी गोळा हातात घेतला. ओळखायला वेळ लागला नाही, कारण असाच, पण याहून जड गोळा मैदानावर फेकून मी या खात्यात शिपाई म्हणून लागलो होतो. परीक्षा देऊन अधिकारी झालो ते नंतर. हे भंगार नव्हतं, भरतीच्या चाचणीतला मुलींचा गोळा होता.

एवढ्यात बाहेर स्कूटर थांबली आणि बेदाण्याचे एक व्यापारी धापा टाकत आत आले. गावात सगळे त्यांना चाचा म्हणत.

“सायेब, ही माज्या वर्गातली पोरगी हाय,” चाचा म्हणाले. “हंगाम संपला की बेदाण्याचं शेड मोकळंच असतंय. तिथं वीटभट्टीवरची, ऊसतोडीची, पारधी वस्तीवरची पोरं बसवतो. मास्तर ठेवलाय, गणित, मराठी समदं शिकीवतो. परवा सांगलीला हिचं मैदान हाय, पोलीस भरतीचं, म्हनून गोळा पोत्यात घालून पहाटं सरावाला पळती. आज तुमी हिला आत टाकली, तर मैदान बी गेलं आन् पुढची समदी वाट बी बंद झाली.”

चाचांचं म्हणणं खरं होतं. अटक झाली की चाचणी हुकली. पुढे कधी निवड झाली तरी चारित्र्य पडताळणीत हा गुन्हा आडवा आला असता. चोरी झाली होती आणि चोर हवाच होता, पण चुकीचा माणूस आत गेला तर एका मुलीचं आयुष्य तिथंच अडलं असतं. मी उपनिरीक्षकाला म्हणालो, “मघाशी विचारलंस तसंच माझ्यासमोर पुन्हा विचार.”

त्यानं खाकरून आवाज लावला. “केबली तू चोरल्यास. खरं ना?”

“व्हय?” मुलगी म्हणाली.

“बघा सर,” तो म्हणाला.

मला हसू आवरेना. मी मूळचा साताऱ्यातल्या मेढ्याकडचा. आमच्याकडे ‘व्हय’ म्हणजे होकार, हे खरं. पण त्याचा शेवट वर उचलला की अर्थ होतो, ‘असं का? हे मला नवीनच कळतंय.’ तुमची म्हैस सरपंच झाली असं कोणी सांगितलं, तरी आमचा माणूस आधी ‘व्हय?’च म्हणेल. पोरगी मघापासून नवल करत होती आणि आमचे साहेब कबुली मोजत होते. मी हे समजावून सांगितलं, तेव्हा उपनिरीक्षकाचे कान लाल झाले. चाचा कपाळाला हात लावून मुलीला म्हणाले, “तुला मास्तर सांगून दमला की, सायबांम्होरं ‘नाही सर’ म्हनायचं. पेपरात बी हेच लिवनार हायस काय गं?” ती रडकुंडीला आली होती, तरी हसली.

ती सुटली, पण केबलीचं काय? मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. “पोरी, चोरीचं राहू दे. तू रोज पळतेस. वाटेत काय काय दिसतं, तेवढं सांग.”

हे तिला आजवर कोणीच विचारलं नसावं. ती नीट आठवून सांगायला लागली. “आदी मी वढ्याच्या कडंनं पळायची. पन तिथं रबर जळाल्यागत वास यायचा. धूर छातीत जायचा, दम टिकंना. म्हनून वाट बदलली, बांधानं पळाय लागले.”

“ओढ्याला नेमकं कुठं?”

“मिस्त्रीच्या शेडामागं. एकदा त्यांनी हटकलं बी. हिकडनं पळायचं न्हाई म्हनले.”

उपनिरीक्षकानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “पंच बोलाव.”

ओढ्याकाठी काळी पडलेली जमीन, राखेत अर्धवट जळालेली केबलीची आवरणं आणि तांब्याच्या तारांचे तुकडे मिळाले. पंचनामा केला. मिस्त्रीच्या शेडातून तांब्यानं भरलेली पोती निघाली. ठाण्यात आणल्यावर तो आधी माझ्यावरच रागावला, एवढी खबर दिली त्याचं हे फळ का म्हणून. मी त्याला एवढंच विचारलं, “ती पहाटे पळते हे तू बघतोस. म्हणजे त्या वेळी तू बाहेर काय करत असतोस?” त्यानं पाणी मागितलं, आणि पाणी पिऊन झाल्यावर सगळं सांगितलं. केबल तोच कापायचा आणि दुसऱ्या दिवशी नवीन जोडायला बागायतदार त्यालाच बोलवायचे. त्या मुलीनं धूर पाहिला होता, म्हणून तिलाच अडकवायचा त्याचा बेत होता.

मुलगी सांगलीला गेली, धावली आणि मैदान मारून आली. उपनिरीक्षकाला मी दटावलं, “सुटीच्या दिवशी चाचांच्या शेडात जा आणि आमची मराठी शिकून ये.” तो गेला खरा, पण स्वतःच पोरांना कायदा आणि चालू घडामोडी शिकवायला लागला. पुढे लेखी परीक्षेच्या निकालात तिचं नाव आलं, तेव्हा पेढे आणायला सगळ्यांच्या आधी तोच पळाला.

तरुण अधिकारी भेटले की मी त्यांना हे प्रकरण सांगतो. संशयिताला ‘तू केलंस का’ असं विचारलं की त्याला हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं. ‘तुला काय माहीत आहे’ असं विचारलं तर तोच माणूस साक्षीदार निघतो. मात्र त्याला काही माहीत असेल, यावर आधी आपला विश्वास हवा.

तिच्या चारित्र्य पडताळणीचं काम आमच्याच ठाण्याकडे आलं. एरवी अशा कामाला अंमलदार जातो. मी स्वतः गेलो, कडक इस्त्रीच्या वर्दीत. गाडी वस्तीत शिरली तशी बाप्यामाणसं धडाधड शेजारच्या उसात पळाली, नेहमीच्या सवयीनं.

“आवं, पळू नगासा, माजंच काम हाय,” मुलगी ओरडली.

तिची आई दारात वाट अडवून उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, “सायेब, तुमची गाडी कवा बी आली, तरी आमच्यातलं कोन तरी घिऊनच गेली.”

“आजही न्यायलाच आलोय,” मी म्हणालो. “पण वर्दी द्यायला.”

बाईंनी लेकीकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरच्या ताऱ्यांकडे, आणि वाट सोडून माझ्यासाठी घोंगडं अंथरलं. मी टेकलो. पडताळणीचा कागद काढून लिहायला घेतला. थोड्या वेळानं उसातून एकेक माणूस बाहेर यायला लागला.