चित्राहुतीची बशी

राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा दिल्लीतल्या शहाण्यांनी नकाशावर रेघा ओढल्या आणि त्यातली एक नेमकी आमच्या स्वयंपाकघरातून गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि बाबा, सचिवालयातल्या फायली-खुर्च्यांसकट, भोपाळला आले. आईला कुणी विचारलं नव्हतं. तिने त्याचा सूड पेट्यांवर उगवला. स्टोव्ह आणि चार भांडी सोडली तर काहीच उघडायचं नाही. "परतच जायचंय ना, मग पसारा कशाला?" फलाटावर राहावं तसे आम्ही त्या क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबांनी बदलीचा अर्ज करावा म्हणून ती रोज जेवताना आठवण करी, आणि बाबा जेवताना मौन पाळत असल्यामुळे उत्तर कधीच मिळत नसे. धर्म असा सोयीचा असावा.

शेवटी आईने निर्वाणीचं सांगितलं, "सोमवारी अर्ज गेला नाही तर मुलांना घेऊन मी नागपूरला चालले."

रविवारी बाबा आम्हाला चौकातल्या जुन्या शाकाहारी हॉटेलात घेऊन गेले. नवाबी काळापासूनचं हॉटेल. भोपाळची बाजू मांडायला बाबांना दुसरा वकील मिळाला नसावा. बायका-मुलं पडद्याआड बसत, पुरुष बाहेर. आईने पाण्याचा तांब्या घरून आणला होता, कारण भोपाळच्या पाण्यावर तिचा भरवसा नव्हता. घरच्या नळाला कुठलं पाणी येत होतं, हे विचारायची सोय नव्हती.

मी पडद्याच्या फटीतून बघत होतो. बाबांच्या पुढ्यात भात आला. त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं, देवाचा वाटा म्हणून ताटाच्या उजवीकडे, पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर, भाताच्या चित्राहुती मांडल्या, आपोष्णी घेतली आणि मौनात गेले.

वाढप्याचा चेहरा पडला. गिऱ्हाईक भात वेचून बाहेर ठेवतंय म्हणजे भातात खडे! त्याने ताट उचललं, शितं फडक्याने पुसली आणि दुसरं ताट आणलं. बाबांनी पुन्हा सगळं साग्रसंगीत केलं. पुसून टाकलेला देवाचा वाटा परत द्यायला नको?

आता गल्ल्यावरचे म्हातारे मालक उठून आले. "हुज़ूर, वालिद के ज़माने से यहाँ चावल बीनकर पकता है. कंकर निकला हो तो दिखा दीजिए."

बाबांनी डोळे मिटून हात हलवला. आमच्या घरी त्याचा अर्थ 'जेवू द्या' असा होता. मालकांना तो 'चालते व्हा' असा वाटला असावा. ते आधीचं ताट परत मागवून त्यातला भात चिवडून खडा शोधू लागले. मला बाबांचा भयंकर राग आला.

तेवढ्यात पडदा सरकला. या शहरात भाजीवालीशीही खुणांनी बोलणारी माझी आई डोक्यावर पदर घेऊन उभी होती.

"बाबूजी, चावल अच्छा है. वो भगवान का निकाल के ठेवा है. और खाते टाइम ये बोलते नहीं. घर में भी नहीं बोलते, मैं रोज भोगती हूँ!"

मालकांनी भात चिवडायचं थांबवलं. मग पोट धरून हसले. आईही हसली, भोपाळला आल्यापासून पहिल्यांदाच. बाबा मात्र मौनात. मालकांनी स्वतः आत जाऊन निळ्या काठाची छोटी बशी आणली आणि बाबांच्या ताटाच्या उजवीकडे अदबीने ठेवली. "ऊपरवाले का हिस्सा कपड़े पर क्यों रहे?"

सोमवारी अर्ज गेला नाही आणि आईही गेली नाही. भोपाळने खटला जिंकला, असं बाबा नंतर मिशीतल्या मिशीत हसत सांगत, जणू वकिली त्यांनीच केली होती. पुढे आम्ही कधीही त्या हॉटेलात गेलो तरी भाताच्या आधी ती बशी येई.

काही वर्षांनी नागपूरला जायची संधी खरोखरच चालून आली. बाबांनी आईला विचारलं, आणि मुद्दाम जेवणाची वेळ टाळून विचारलं. तोवर पेट्या रिकाम्या होऊन त्यांच्यावर लोणच्याच्या बरण्या बसल्या होत्या. आई एक बरणी पुसत म्हणाली, "तिथे तुमच्या शितांसाठी बशी कोण आणून देणार आहे?"

नागपुरात तिचं अख्खं माहेर होतं.