डाख नसलेला तांब्या

फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. "आई, आत्या गेली," माझा मुलगा सचिन म्हणाला. तो कर्जतच्या दवाखान्यात होता, मी दहिवलीला घरी. मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेली भेंडी चिरून पूर्ण केली. देठं वेगळी, भेंडी वेगळी. मग लक्षात आलं की ही भाजी दवाखान्यातल्या डब्यासाठी होती, आणि आता डबा न्यायचाच नाही... तेव्हा कुठे खाली बसले. त्यालाही आता काही आठवडे झाले. घरातले म्हणतात, लिही काहीतरी, मन हलकं होईल. हलकं वगैरे काही होत नाही, पण लिहिते.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, कुसुम. सासऱ्यांचं चांदीचं दुकान कशेळ्याला होतं. डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायका बाजाराच्या दिवशी जीपमधून उतरायच्या आणि तुटलेले वाळे, झिजलेली जोडवी, पोरांचे करगोटे पदराच्या गाठीतून सोडायच्या. मी खालापूरहून लग्न होऊन आले तेव्हा मॅट्रिक पास होते आणि स्वतःला तालुक्याची कलेक्टर समजत होते. सासरहून कायमची परत आलेली नणंद घरात आहे हे कळल्यावर मी आईला सांगितलं होतं, "काळजी करू नको, तिला मी आठवड्यात सरळ करते." ज्या बाईला मी सरळ करणार होते ती मागच्या खोलीत दिव्याच्या ज्योतीवर फुंकणी धरून बसली होती. तिने वर बघितलंसुद्धा नाही. "वैनी, दार लाव गं. ज्योत हलते," एवढंच म्हणाली. मी दार लावलं. पुढची सगळी वर्षं मी ते दार लावतच राहिले.

एकदा मला वाटलं, यात काय आहे एवढं, आपणही शिकावं. वन्सं म्हणाल्या, "शीक की. आधी पदर खोच." मी ठसक्यात उत्तर दिलं, "पदर खोचायला मी काय मोलकरीण आहे?" पुढच्याच क्षणी माझ्या जरीच्या पदराने पेट घेतला. तापलेली चांदी बुडवायचं पाणी त्यांनी माझ्या अंगावर ओतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आता मोलकरीण बी नाय, भिजल्याली कोंबडी." सासरे बाहेर गिऱ्हाइकासमोर बसून हसत होते. मी रुसून तीन वेळा जेवले नाही. चौथ्या वेळी भूक लागली, मग जेवले.

वन्सांचं काम म्हणजे डाख देणं. चांदीचा तुटका तुकडा तुकड्याला जोडायला जो वेगळा धातू वितळवून लावतात त्याला डाख म्हणतात. जोड दिसला तर ते काम वाईट. वन्सांचा जोड कधीच दिसला नाही. त्यामुळे वन्संही कुणाला दिसल्या नाहीत, असं मला आता वाटतं. पाटीवर आधी सासऱ्यांचं नाव होतं, मग माझ्या नवऱ्याचं आलं. ते खोपोलीच्या कारखान्यात पाळी करायचे आणि त्यांना चांदी आणि जस्त यातला फरक मरेपर्यंत कळला नाही. मागे खिडक्या बंद करून वन्सं डाखाचा पिवळट धूर गिळत बसायच्या. खोकला यायचा. आम्ही म्हणायचो, ऋतू बदलतोय.

दुकान बंद होऊन आम्ही दहिवलीला आलो, तरी वन्सांची ऐरण बरोबर आली. अशात तन्वी नावाची मुंबईची मुलगी वाड्यांवरच्या जुन्या दागिन्यांचा अभ्यास करत फिरत होती. जिथे विचारावं, हे कुणी जोडलं, तिथे एकच नाव निघायचं. ती शोधत घरी आली. चहा घेता घेता तिने वन्सांना विचारलं, "आजी, तुम्हाला स्वतःला काय घडवायला आवडेल?" वन्सं बशीत चहा ओतत राहिल्या. मला वाटलं, प्रश्न कळला नाही, मी नेहमीप्रमाणे मध्ये पडले, "अगं, त्या काय, सांगाल ते करतात." वन्सं म्हणाल्या, "तू गप ऱ्हा. तांब्या." आम्ही बघतच राहिलो. आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या कुणी भांडं केलेलं नव्हतं. वन्सं पुढे म्हणाल्या, "एका पत्र्यातून ठोकून काढायचा. बूड, पोट, गळा, सगळा एक. डाख नको कुठं. जोडून जोडून कटाळा आलाय मला."

तन्वीच्या संस्थेकडून कलाकारांना अनुदान मिळतं. तिने खटपट केली. निवड करणारी मंडळी सचिनच्या मोबाइलवर व्हिडिओने बोलायला आली. मी नवी साडी नेसून मागे उभी राहिले, फोटो निघाला तर असावा म्हणून. एका गृहस्थांनी विचारलं, "यातून समाजाला काय मिळेल?" वन्सं म्हणाल्या, "तांब्या." मला वाटलं, संपलं. पण अनुदान मिळालं. त्यातून चांदी आली, हातोडे आले, ज्योत सोडणारी गॅसची बंदूक आली. पुण्याला एका तांबटाकडे राहून वन्सं भांडं वर चढवायचं शिकून आल्या. पत्रा ठोकायचा, ठोकून कडक झाला की तापवून मऊ करायचा, परत ठोकायचा. पोटापर्यंत सोपं असतं म्हणे. गळा आवळताना चांदी रुसते.

पहिला तांब्या गळ्याशी फाटला. वन्सांनी तो उजेडात धरला आणि कापून वितळवायला मुशीत टाकला. दुसरा कितीतरी चांगला होता. काठाला जराशी चीर. मी म्हटलं, "वन्सं, एवढीशी तर आहे. डाख द्या. तुमचा डाख कुणाला दिसणार आहे?"

"मला."

"अहो, पण तन्वी खूश होईल, सगळे खूश होतील..."

"लोकांचं काम होतं तवा खूश केलंच की समद्यांना. वाकडं असलं तरी त्यांचं त्यांना परत द्यावं लागायचं. हे माझं हाय. हे मला नाय आवडलं तर मोडता येतं." आणि त्या हसल्या. इतक्या मोकळ्या हसताना मी त्यांना फारसं पाहिलं नव्हतं. दुसराही वितळला.

तोपर्यंत खोकला घरात राहायलाच आला होता. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, काय काम करता विचारलं. फुप्फुसं दगडासारखी झाली होती. आगीजवळ जायचं नाही, असं बजावून सांगितलं. सचिन चिडायचा, विनवायचा. "आत्या, ती चांदी राहू दे. तुझा जीव आधी." वन्सं मान डोलवायच्या आणि तो कामाला गेला की उठायच्या. ऑक्सिजनचं यंत्र घरी आलं. नळी लावून त्या ठोकायच्या. तापवायची वेळ आली की, ऑक्सिजनजवळ आग नको म्हणून, यंत्र बंद करायचं, दुसऱ्या खोलीत न्यायचं, मगच ज्योत पेटवायची. तेवढा वेळ त्या नुसत्या स्वतःच्या श्वासावर. आगीजवळून उठून आल्यावर ओठ निळे पडलेले असायचे. मी पाठ चोळायची आणि शिव्या द्यायची. दोन्ही एकदमच.

तिसऱ्या तांब्याचा गळा आला. खरंच आला. मी हातात घेतला, सगळीकडून फिरवला, रडले. संध्याकाळी तन्वीला फोन करायचं ठरलं. दुपारी वन्सांनी मला हाक मारली. त्या खोलीच्या उंबऱ्याशी खुर्चीवर होत्या. "वैनी, गळ्याखाली नख लाव." मी नख फिरवलं. एका जागी अडकलं. केसाएवढी रेघ. चष्म्यातूनही धड दिसत नव्हती.

"राहू द्या आता वन्सं," मी म्हणाले. "हात जोडते. एक तरी राहू द्या."

"माझ्यानं बंदूक धरवत नाय. तू धर."

मी नाही म्हणाले. त्यांनी पत्रा कापायची कातर माझ्यापुढे धरली... आयुष्यात त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, दार लाव याखेरीज. मी यंत्र बंद केलं, नळी काढली, यंत्र आत ठेवून आले. "पदर खोच," त्या म्हणाल्या. मी खोचला. कातरीने तो तांब्या मी कापला. गळा वेगळा, पोट वेगळं. चांदी कापताना आवाज फारसा होत नाही, याचा मला तेव्हा राग आला. मुशीत टाकला, चांदी नीट वितळावी म्हणून वर टाकणखार टाकला, ज्योत लावली. उंबऱ्यावरून एकेक शब्द श्वासाश्वासाने यायचा. "जवळ... अजून... हां." तुकडे लाल झाले, ढासळले आणि एकाएकी आरशासारखं लखलखीत पाणी झालं. "आता उचल. ओत." मला चिमट्यात मूस धरताच येईना. बघता बघता चांदी मुशीतच थिजली. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "उद्या परत तापवू. गळा जरा हळू घ्यायला पायजे होता. चौथ्याला कळंल मला."

त्याच रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून त्या परत आल्या नाहीत. सचिन माझ्याशी कित्येक दिवस धड बोलला नाही. "आई, तिचं एकमेव काम होतं ते. तू कापलंस." खरं आहे. मी कापलं. पुन्हा सांगितलं असतं तर पुन्हा कापलं असतं.

तन्वी येऊन गेली. तिला संस्थेला काहीतरी दाखवायचं होतं. मी मूस पुढे ठेवली. तळाशी थिजलेली चांदी. तिने मूस उजेडाकडे तिरपी केली, मग हळूच म्हणाली, "आजी, हेसुद्धा एकसंधच आहे ना. कुठेच जोड नाही." पोर चांगली आहे, मला बरं वाटावं म्हणून बोलली. पण मी म्हटलं, "नाही गं. गोळा कुणाचाही एकसंध असतो. त्यांना तांब्या हवा होता. तो झाला नाही. तसंच लिही." तिने मान हलवली. मूस तिने नेली नाही आणि मीही दिली नाही.

आता घरात फार शांत असतं. गेलं वर्षभर दुपारभर हातोडीचे ठोके चालायचे. ते थांबले की चांदी तापवायची वेळ झाली असं समजायचं. यंत्र आत ठेवून मी चहाचं आधण चढवायची, म्हणजे वन्सं धापा टाकत आगीजवळून उठेपर्यंत कप तयार. मला घड्याळ बघावं लागत नसे. आता ठोके थांबत नाहीत, कारण ते सुरूच होत नाहीत. मी ओट्याशी उभी राहते, पातेलं हातात, आणि चहा कधी टाकायचा ते मला कळत नाही.