ड्रमवाल्याविरुद्धचा अर्ज

देवासला आमच्या घरामागच्या प्लॉटवर एकाने केमिकलचे रिकामे ड्रम धुवायचं काम काढलं आणि काही महिन्यांतच गल्लीतल्या बोअरिंगच्या पाण्याला उग्र वास यायला लागला. शेजारच्या टेलरच्या मुलीच्या अंगावर चट्टे उठले. तक्रारी करून झाल्या, कोणी फिरकलं नाही.

माझे मावसदीर वकील. ते म्हणाले, "वहिनी, हा सार्वजनिक उपद्रव. दावा सरकारतर्फे महाधिवक्ता लावतात, नाहीतर कोर्टाची परवानगी घेऊन निदान दोघं जण." परवानगीच्या अर्जावर मी आणि टेलरने सह्या केल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी ड्रमवाला घरी आला. माझ्या पाया पडला. "मौसीजी, अंकल सुबह बायपास तरफ अकेले घूमने जाते हैं ना? ट्रक बहुत चलते हैं उधर." एवढंच बोलून, चहा पिऊन गेला. ह्यांना मी काही सांगितलं नाही. गुडघ्याचं निमित्त काढून त्यांचं फिरणं तेवढं बंद केलं.

संध्याकाळी टेलर आला. "काकीजी, मेरा नाम कटवा दो." ड्रमवाला त्याच्या दुकानातही जाऊन आला होता.

दीर म्हणाले, "मग दावा राहू द्या. पण काम बंद पाडायला एसडीएमना, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना, एकाचाही अर्ज पुरतो."

एसडीएम कचेरीत मी एकटीच गेले. बाकावरून दोनदा उठले, घरी परतावं म्हणून. तेवढ्यात बाबूने माझं पूर्ण नाव मोठ्याने पुकारलं. समोर खांबाला टेकून ड्रमवाल्याचा माणूस उभा होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

एसडीएम मॅडमनी अर्ज वाचून विचारलं, "आप अकेली आई हैं?" "जी, अकेली ही," मी म्हणाले.

आठवड्याने कचेरीची माणसं येऊन पाण्याच्या बाटल्या भरून घेऊन गेली. मग आदेश निघाला: काम बंद करा, नाहीतर हजर होऊन कारण सांगा. ड्रमवाला हजर झाला नाही. ट्रकमध्ये ड्रम भरून निघून गेला. कुठे, ते कोणालाच ठाऊक नाही.

मग टेलर आला. "काकीजी, बेटी के इलाज का हर्जाना माँगें?"

"भिया, तुम लगाओ. मुझमें अब हिम्मत नहीं."

त्याने एकट्याने ड्रमवाल्यावर दावा लावला. त्याच्या मुलीचं इतरांपेक्षा वेगळं नुकसान झालेलं, म्हणून एकट्यालाही चालतं म्हणे. साक्षीदारांत माझं नाव आहे. पोस्टमन दाराशी थांबला की कोर्टाचं समन्स असेल म्हणून अजून छातीत धस्स होतं.