तारेवरून धावणारी पेटी

आमच्या घराण्यात माझ्या स्मरणशक्तीवर विश्वास ठेवण्याची पद्धत नाही. कोल्हापुरातल्या आप्पांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, कापडदुकानात डोक्यावरून तार गेलेली होती आणि गिऱ्हाइकाचे पैसे लाकडी पेटीतून त्या तारेवरून गादीकडे धावत, असे मी आयुष्यभर सांगत आलो. थोरले बंधू आयुष्यभर ते खोडून काढत आले. दुकान पुढे लहान झाले, असे माझे म्हणणे. ते पहिल्यापासून एका दाराचेच होते, असे दादांचे. "या गुडघ्यावरनं त्या गुडघ्यावर पैसे पाठवायला तार लागती व्हय?" त्यांच्या या वाक्यावर लग्नकार्यांतल्या पंगतीच्या पंगती हसताना मी पाहिल्या आहेत.

नव्वदच्या दशकाच्या मध्यास नात्यातल्या एका वास्तुशांतीला नेसरीला गेलो होतो. आहेराचे टॉवेल-टोपी घ्यायला पेठेतल्या एका जुन्या दुकानात शिरलो. दुकानदाराने माझी नोट छताखाली लोंबणाऱ्या पेटीत ठेवली, दोरीला हिसका दिला, आणि पेटी कुरकुरत तारेवरून मागच्या उंच गादीकडे निघून गेली. तिथल्या माणसाने सुटे घालून ती परत पाठवली. मी टोपी हातात धरून उभाच.

"पावणं, माप बसंना व्हय?" दुकानदाराने विचारले.

"ही पेटी कुठली?"

"आजोबांनी आणली. कोल्हापुरातलं कुठलं तरी दुकान मोडलं तवा."

"कुठलं?"

"ते आजोबास्नीच ठावं. इचारायला लई लांब जावं लागंल."

माझ्या आठवणीतली पेटी लाल होती. हिला रंगच दिसत नव्हता. दरवर्षी खंडेनवमीला कात्री आणि कापड मोजायच्या गजाबरोबर हिचीही पूजा होई. हळदकुंकू, तेल आणि धूळ यांची पुटे चढून तिची साल बनली होती. मी नख लावताच दुकानदाराने माझा हात धरला. "पुजेचं हाय ते. खंडेनवमीला या, तुमच्यासमोर एक कोपरा साफ करू की."

त्या खंडेनवमीला मी दादांना घेऊन गेलो. वाद न घालता ते निघाले, याचेच मला आश्चर्य वाटले होते. दुकानदाराने तेलाचे फडके घेऊन पेटीचा कोपरा सावकाश चोळला. कुंकवाखालून हिरवा रंग वर आला.

मी गोंधळलो. विजयाचे वाक्य तयार करून आणले होते. ते हिरव्या रंगाला चालण्यासारखे नव्हते. तेवढ्यात दादा वाकून पाहत म्हणाले, "ही न्हवं. ती लाल होती."

"म्हणजे पेटी होती?"

"होती की. पण आपल्या दुकानात न्हवती. आपलं दुकान मागनं झालं. त्याच्या आधी आप्पा ज्या पेढीवर कामाला होते, तिथं होती."

"आप्पांना गादीवर बसलेले मी पाहिले आहे."

"तू दुपारचा डबा घेऊन जायचास. मालक घरी जेवायला गेला की गादी आप्पा सांभाळायचे. तुला कवाबी तेवढंच दिसलं."

"मग मला इतकी वर्षे खोटे का पाडलेत?"

"पेटी खरी म्हटली, की आप्पा नोकर होते हे सांगावं लागलं असतं. भर पंगतीत सोसलं असतं तुला?"

दादांचे हे म्हणणे मला मान्य नाही. गिऱ्हाइके आप्पांना शेठ म्हणत, हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. मालकाच्या जेवणाच्या वेळेपुरते कोणी कोणाला शेठ म्हणत असेल, हे मला पटत नाही. म्हणत नसेलच, असेही आता छातीठोक सांगवत नाही.

दुकानदाराला आमच्या भांडणात रस वाटू लागला होता. "हिरवा आजोबांनी मारला असंल. खाली दुसरा रंग असंल की. खरवडू?"

खाली लाल निघाला तर माझी आठवण खरी ठरणार होती, आणि त्याच पेटीपायी आप्पा दुसऱ्याच्या गादीवर बसलेले ठरणार होते. न निघाला तर मी पुन्हा पंगतीतला विनोद. यांतले मला काय हवे होते, ते मला तेव्हा कळले नाही आणि आजही नीट सांगता येत नाही.

मी दुकानदाराला थांबवले, असे मला पक्के आठवते. दादा म्हणतात, मीच खरवडा म्हणालो आणि चाकू लागायच्या आत पायऱ्या उतरून रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. काय निघाले ते सांगायला दादा तयार आहेत. मी अजून विचारलेले नाही.