बोल्ट घट्ट, बेल्ट बाहेर

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे, हे आधीच सांगते. अमावास्येला नारळ फोडला तरी माझं निम्मं लक्ष चटणीकडं असतं. पण मागच्या वर्षी आमच्या शेडमध्ये जे झालं ते वाचा, आणि तुम्हीच काय ते ठरवा...

कसबा बावड्यात घरामागंच आमचं सुतारकामाचं पत्र्याचं शेड आहे. तिथली गोल करवत माझ्या लग्नाच्याही आधीची. तिला सिंगल फेजची मोटर होती – जाड सागवान लावलं की तिला धाप लागायची. आमच्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, खांदा धरल्यापासून करवत आमची सून सुजाता चालवते. थ्री फेजचं कनेक्शन आलं तशी तिनं नवी मोटर आणली. मालक त्या दिवशी लाकूड बघायला आजऱ्याला गेले होते. "मी आल्याबिगर हात लावू नका," असं बजावून गेले होते. पण सुजाताला दम निघेना, आणि खरं सांगू – मलाही.

वायरमन बोलावला तो शेतातल्या पंपांचा, बाळू. त्यानं मोटर बसवली, मोटरवरनं पातं फिरवणारा बेल्ट चढवला आणि मोटरचे चारी बोल्ट पान्यानं आवळले. बेल्ट इतका ताठ, की बोटानं दबेना. तिघांनीही दाबून बघितला. मी मोटरला हळदीकुंकू लावलं – विश्वास नसला म्हणून काय झालं. सुजाता फळी घेऊन पात्यासमोर उभी राहिली. बाळूनं बटण दाबलं.

मोटर घुमली... पातं जागचं हललं नाही.

"आत्ती, ह्यो हितं कुणी ठेवला?" सुजातानं विचारलं.

बेल्ट तिच्या पुढ्यातल्या फळीवर होता. फेकल्यासारखा नव्हे – नीट ठेवल्यासारखा.

बाळू मोटर बंद करून म्हणाला, "काकी, उलटी फिरतीया ही. दोन वायरी बदलतो, झालं. पंपाचं बी असंच असतंय, उलटा फिरला की पाणी कमी येतंय."

"ह्यो पंप हाय व्हय रं?" मी म्हटलं. "करवत उलटी फिरली की पात्याचा नट सुटतोय. आन् पातं सुटून कुठं गेलं असतं?"

बाळूनं सुजाताकडं बघितलं. सुजातानं पात्याच्या उंचीला असलेल्या आपल्या पोटाकडं बघितलं, आणि ती पात्यासमोरून बाजूला झाली.

मी बोल्ट तपासले. चारी घट्ट. बेल्ट कुठं फाटला नाही, उसवला नाही. वायरी बदलून, मोटर सुलटी फिरते याची खात्री करून, बाळू बेल्ट परत चढवायला लागला, तर चारी बोल्ट सैल करून मोटर सरकवल्याशिवाय चढेना.

दुपारी सुजातानं सागवान फाडलं. धाप न्हाय की खोकला न्हाय.

संध्याकाळी मालक आले. आधी आम्हा दोघींना बोलून घेतलं, मग म्हणाले, "बेल्ट घसरतोय की. त्यात काय?"

"मग बोल्ट न सोडता काढून दाखवा," मी म्हटलं.

दिवेलागणीपर्यंत शेडमध्ये खाटखूट चालू होती. हात काळे करून आले, जेवायला बसले, आणि "आमटी बरी झालीया" एवढंच बोलले.

यामागं काय होतं, मला आजही ठाऊक नाही. शेडमध्ये कुणी पावणं आलं की मालक त्यांना चहाआधी करवतीपाशी नेतात आणि म्हणतात, "पान्याला हात न लावता एवढा बेल्ट काढा बघू." शिरोलीच्या कारखान्यातले दोन फिटरसुद्धा घाम पुसत चहाला बसले.