उजव्या बाजूची हाक

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि फरशी नावाचा शिकाऊ गार्ड मालगाडीच्या मधल्या डब्यांपाशी उकिडवा बसला होता. दोन डब्यांच्या हवेच्या नळ्या जिथे एकमेकींत अडकवतात त्या जोडावर त्याने हाताची उलटी बाजू धरली होती, तान्ह्या मुलाचा ताप बघावा तशी. गळती असली की तिथे बारीक थंड झोत लागतो. लागला नाही. तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि पुढच्या जोडाकडे गेला.

मालगाडीचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत नळी सलग जाते आणि मधे कुठे गळती असली तर ब्रेकचा भरवसा राहत नाही. म्हणून गाडी सुटण्याआधी गार्डने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन नळ्या तपासायच्या. बहुतेक गार्ड चालता चालता कानानेच तपासतात. गळकी नळी फुसफुसते, त्यासाठी वाकावं लागत नाही. फरशी मात्र प्रत्येक जोडापाशी बसायचा.

"हा गाडी तपासतोय की गाडीचं बाळंतपण करतोय?" इंजिनाच्या खिडकीतून ड्रायव्हरने विचारलं.

"तपासू दे," थोरले खालून म्हणाले. "तुमचे कान म्हातारे होतील तेव्हा याचा हात तरुण असेल."

थोरले म्हणजे त्याला शिकवणारे गार्ड. यार्डात एके काळी दोघे भाऊ नोकरीला होते. धाकटा कधीच सोडून गेला, पण थोरल्याचं थोरलेपण काही सुटलं नाही. यार्डात जन्मनाव फक्त पगारपत्रकावर चालतं. फरशीलाही पहिल्याच आठवड्यात नवं नाव मिळालं, कारण आधी काय करत होतास या प्रश्नाला त्याने खरं उत्तर दिलं होतं.

वयाच्या चाळिशीपर्यंत तो फरश्या कापत होता. रस्त्याच्या कडेला मालकाचं दुकान, दुकानामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये कापायचं यंत्र. यंत्र भिंतीला लावलेलं असल्यामुळे त्याला कायम एकाच अंगाने उभं राहावं लागायचं आणि पातं उजव्या कानापासून हातभर अंतरावर फिरायचं. सुरुवातीला तो कानात कापूस घालत असे. पुढे गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येईना म्हणून कापूस काढला, आणि नंतर कापूस घालण्यासारखं त्या कानात काही उरलं नाही. मग कारखान्यातून हव्या त्या मापाच्या कापलेल्या फरश्या यायला लागल्या. मालकाने शटर ओढलं आणि शेडमध्ये मोटारी धुवायचा धंदा काढला. त्या कामाला त्याने दोन पोरं ठेवली. फरशीला विचारलं नाही.

रेल्वेच्या भरतीत वयाची अट चाळीस होती. तो आत शिरला तेव्हा दार बंद व्हायलाच आलं होतं. वर्षभर शिकायचं, मग परीक्षा, मग कायम नोकरी. वर्षातले सात महिने झाले होते. दुसरीकडे कुठेही त्याच्या वयाच्या माणसाला नवं काही शिकवायला कुणी तयार नव्हतं, हे त्याने फिरून पाहिलं होतं.

भरतीच्या वेळी कानाची तपासणी झालीच. काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. डाव्या कानाचं सगळं ऐकू आलं. उजव्याचं काहीच नाही. पण काचेपलीकडच्या बाईंनी बटण दाबलं की त्यांचा खांदा किंचित हलत होता. फरशीने खांदा बघून बोट वर केलं. बाहेर आल्यावर आपण कुणाला फसवलं असं त्याला वाटलं नाही, एखादी अवघड कड बिनटवका कापली गेल्यासारखं वाटलं.

घरी हे फक्त बायकोला ठाऊक होतं. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, त्यात जेवायला बसताना ती त्याच्या डाव्या हाताला बसायची. मुलगी लहानपणापासून बाबांशी मोठ्याने बोलायची आणि त्यामुळे शाळेतही ओरडा खायची.

हात लावून गळती बघण्याची युक्ती त्याने दुसऱ्याच दिवशी काढली. फुसफुस बारीक असते, नेमकी उजव्या बाजूला आली तर गेलीच. थोरल्यांनी ते पाहिलं आणि इतर शिकाऊंना बोलावून दाखवलं. "तुम्ही कानावर विसंबता. वारा असला की काय ऐकणार? याच्याकडून शिका." फरशीने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. नापास व्हायला हवा होता त्या गोष्टीवर त्याला शाबासकी मिळत होती आणि ती परत करायची सोय नव्हती.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला त्यांची गाडी खताच्या गोदामाच्या साइडिंगवर, म्हणजे मुख्य मार्गातून फुटलेल्या बाजूच्या रुळावर, लागली. तिथे रिकामे डबे उभे होते, ते मागे जोडून न्यायचे होते. काम नेहमीचंच. डब्यांचे लोखंडी आकडे एकमेकांत अडकवायचे, मग मधे शिरून हवेच्या नळ्या जोडायच्या. मधे शिरण्याचा नियम मात्र फार कडक. आधी वॉकीटॉकीवर ड्रायव्हरला सांगायचं, त्याने इंजिन बांधलं, म्हणजे ब्रेक लावून जागीच धरलं, असं उलट सांगितल्यावरच माणसाने आत पाय टाकायचा, आणि माणूस बाहेर आला असं कळेपर्यंत चाक हलता कामा नये.

"आज बोलणं तुझं, हात माझे," थोरले म्हणाले. "परीक्षेत बोलणंच बघतात. माझा वॉकीटॉकी मी बंद ठेवतो, नाहीतर दोघांचे आवाज एकमेकांत जातात." त्यांनी आपला वॉकीटॉकी कमरेला खोचला.

फरशीने नीट सांगितलं. इंजिन बांधल्याचं उत्तर आलं. थोरले आत गेले, नळ्या जोडून बाहेर आले आणि चिंधीला हात पुसत फरशीच्या उजव्या अंगाला उभे राहिले. फरशीने कळवलं, "माणूस बाहेर." पुढची पायरी ठरलेली होती. गाडी हातभर पुढे ओढून बघायची, आकडे नीट बसलेत का ते.

ड्रायव्हर वॉकीटॉकीवर फाटकवाल्याच्या नावाने काहीतरी कुरकुरत होता. फरशीने आपला वॉकीटॉकी डाव्या कानाला घट्ट लावला होता आणि नजर इंजिनाकडे होती. तेवढ्यात थोरल्यांना दिसलं की एका नळीची हवा सोडणारी चावी अर्धीच उघडली आहे. "थांब रे, चावी राहिलीय, परत जातोय," ते म्हणाले आणि वाकले. आजवर त्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या प्रत्येक माणसाने त्यांची हाक ऐकली होती. म्हणून त्यांनी वळून बघितलं नाही.

"हातभर पुढे घ्या," फरशी म्हणाला.

इंजिनाने ओढ घेतली. डब्यामागून डब्याला हिसका बसत तो मागे आला. मागच्या डब्याचं टोक थोरल्यांच्या खांद्याला लागलं आणि ते बाहेर खडीवर फेकले गेले. आत फेकले गेले असते तर हे सगळं वेगळ्या तऱ्हेने लिहावं लागलं असतं.

फरशीला ते पडल्याचंही ऐकू आलं नाही. पायापाशी काहीतरी हललं म्हणून त्याने खाली पाहिलं.

थोरले उठून बसले. कोपराचं सालटं निघालं होतं, सदऱ्याची बाही खांद्यापासून उसवली होती. त्यांनी हात पुढे केला, फरशीच्या हातून वॉकीटॉकी घेतला आणि शांत आवाजात म्हणाले, "इंजिन बांधा. मधे जातोय." उत्तर यायची वाट पाहिली. आत जाऊन चावी पूर्ण उघडली, बाहेर आले, तसं कळवलं. मग उरलेलं काम दोघांनी उरकलं.

गोदामाच्या मागे पाण्याची टाकी होती. फरशी नळाखाली तोंड धूत होता. थोरले त्याच्या उजव्या खांद्यामागे दोन पावलांवर येऊन उभे राहिले.

"फरशी, बुटाची नाडी सुटलीय."

फरशीने नळ बंद केला आणि तोंड पुसायला लागला.

"फरशी, तुला उद्यापासून बढती."

त्याने बाटली भरायला घेतली.

"गाढवा," थोरले म्हणाले. त्यात राग नव्हता. मग ते फिरून डाव्या बाजूला आले. "कधीपासून?"

फरशीने बाटली खाली ठेवली. काय विचारलं ते त्याला लगेच कळलं. सात महिने तो याच प्रश्नाची वाट बघत होता. "फरशीच्या दुकानापासून. एकच कान. दुसरा चांगला आहे."

"दुसरा चांगला आहे ते दिसलं मला. त्यात ड्रायव्हर भरलेला होता."

"मी हाताने भागवतो. तुम्हीच म्हणालात, कानापेक्षा..."

"हाताला हवा लागते. माणसाची हाक लागते का?"

फरशीने खाली ठेवलेल्या बाटलीचं टोपण लावलं.

"माझीही चूक आहे," थोरले म्हणाले. "तुझं तोंड बघितल्याशिवाय आत जायला नको होतं. ते मी भोगीन. पण माझ्यासारखी चूक करणारे यार्डात पन्नास जण आहेत. उद्या तू त्यांच्या शेजारी उभा राहणार."

"वर कधी सांगणार तुम्ही?"

"मी उद्या दुपारपर्यंत काही बोलत नाही. आधी तू जाऊन सांग. तू सांगितलंस तर तू अपात्र, एवढंच. मी सांगितलं तर तू लबाड. मग कुठलीच सरकारी दारं उघडायची नाहीत."

"अपात्र माणसाला दुसरं काम देतात?"

थोरले कोपरावर पाणी घेत होते. "कायम झालेल्याला देतात. शिकाऊला नाही." मग ते म्हणाले, "तू पाच महिने उशिरा सापडायला हवा होतास."

परतीच्या वाटेवर दोघे गाडीच्या शेवटच्या डब्यात समोरासमोर बसले. थोरल्यांनी जागा बदलली आणि ते फरशीच्या डाव्या हाताला येऊन बसले.

तो घरी पोचला तेव्हा बायको लाँड्रीतून येऊन पाय पसरून बसली होती. खालच्या दुकानात टायर बडवण्याचा आवाज चालू होता. मुलगी शिकवणीला गेली होती. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, थोरल्यांच्या खांद्यापासून.

"फार लागलं का त्यांना?" तिने आधी हेच विचारलं.

"नाही. सालटं गेलं."

"मग त्यांनी गप्प बसायला काय झालं? झाकली मूठ सव्वा लाखाची. पाच महिने तर राहिले होते."

"पाच महिन्यांत पुन्हा कुणीतरी वाकेल."

"आणि तुम्ही वळून बघत राहिलात तर? दर वेळी?"

"दर वेळी बघतोच मी. आज पण दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा नाही बघितलं."

तिने पाय जवळ घेतले. लाँड्रीत दिवसभर उभं राहून तिचे घोटे सुजत, ते ती अंगठ्याने दाबत राहिली. "म्हणजे सांगितलं तरी नोकरी गेली, नाही सांगितलं तरी गेली."

"हो."

"मग पळत जायचं की चालत, एवढंच आपल्या हातात."

तो हसला नाही, तीही नाही. तिने विचारलं, मोटारी धुवायला मालक घेईल का. तो म्हणाला, पोरं अर्ध्या पैशात करतात. तिने विचारलं, कुणाच्या बंगल्यावर रखवालदार. तो म्हणाला, रखवालदाराला कान लागतात. तिने उठून ताटं घेतली आणि नेहमीसारखी त्याच्या डाव्या हाताला वाढली.

मुलगी आल्यावर तिने जिन्यातूनच ओरडून विचारलं, "बाबा, आज किती डबे?" तो रोज आकडा सांगायचा आणि ती शेजारच्या मुलीशी पैज लावायची. त्याने खरा आकडा सांगितला. ती पैज हरली होती.

जेवण झाल्यावर त्याने ड्यूट्या लावणाऱ्या कार्यालयात फोन केला. फोन डाव्या कानाला धरला आणि उजव्या कानावर, उगाचच, हात ठेवला. तिकडून कारकुनाने विचारलं, "काय, उद्या सुट्टी? ताप?"

"ताप नाही. मी वैद्यकीय दृष्ट्या बसत नाही या कामात. उजव्या कानाने ऐकू येत नाही."

"आज लागलं काही?"

"नाही. आधीपासून."

पलीकडे बराच वेळ टकटक ऐकू येत राहिली. "इथे आजारी आहे, रजा आहे, गैरहजर आहे," कारकून म्हणाला. "तुमचं यात बसत नाही. कशात घालू?"

"तुम्हीच बघा."

"तूर्त गैरहजर टाकतो. दवाखान्याचा कागद आणलात की बदलू. आणि थोरल्यांबरोबर मग कोण? बरं, ते माझं मी बघतो." त्याने फोन ठेवला.

बायको भांडी घासत होती. नळ चालू होता आणि ती काहीतरी म्हणाली. ती उजवीकडे होती. फरशीने विचारलं नाही आणि तिनेही पुन्हा सांगितलं नाही.

रेल्वेचा दवाखाना सकाळी साडेनऊला उघडतो. कानाची तपासणी आठवड्यातून एकदाच, बुधवारी होते. उद्या बुधवार आहे.